हॅरिस काउंटीचा शिक्षण विभाग टिकावा म्हणून मराठी कुटुंबांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

ह्यूस्टन शहर आणि हॅरिस काउंटीच्या हद्दीतील केटी, सायप्रस, हंबल, क्लिअर लेक या भागांत राहणाऱ्या सर्व मराठी कुटुंबांना आमच्या शिक्षण समितीतर्फे ही विनंती आहे. शाळांना थेरपिस्ट पुरवणारा आणि बालवर्ग व प्रौढांचे इंग्रजी वर्ग चालवणारा, १८८९ साली सुरू झालेला हॅरिस काउंटीचा शिक्षण विभाग बंद करावा, अशी विधेयके टेक्सासच्या विधिमंडळात आजवर अनेकदा मांडली गेली आणि बारगळली. विधिमंडळाचे नियमित अधिवेशन दर विषम वर्षी जानेवारीत सुरू होते आणि १४० दिवसांत संपते. एवढ्या थोड्या दिवसांत विधेयक समितीसमोर आल्यावर माणसे आणि पैसे गोळा करू लागलो तर वेळ हातची जाते, म्हणून पुढच्या अधिवेशनाआधीच आम्ही आपल्यापुढे येत आहोत.

आधी पैशांचे बोलू, कारण वादाचे मूळ तिथेच आहे. मालमत्ता कराच्या बिलात स्कूल डिस्ट्रिक्ट (त्या भागातील सरकारी शाळा चालवणारी संस्था), काउंटी, शहर, पूरनियंत्रण, रुग्णालये, बंदर अशा ओळींच्या रांगेत या विभागाचीही एक ओळ असते आणि बहुतेकांची नजर तिच्यावर पडतही नाही. करपात्र मूल्याच्या दर शंभर डॉलरमागे साधारण अर्धा सेंट असा तो दर आहे. सवलती वजा जाता घराचे करपात्र मूल्य तीन लाख डॉलर उरत असेल, तर वर्षाला सुमारे १५ डॉलर होतात. विभाग बंद झाला तर ही ओळ जाईल, असे बंद करू पाहणारे सांगतात. स्कूल डिस्ट्रिक्टांना स्वतःचा कर आणि स्वतःचे कर्मचारी असताना हा मधला थर कशाला, असेही ते विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर हिशेबानेच द्यायला हवे.

या विभागाच्या उत्पन्नाचा मोठा भाग करातून येतच नाही. तो येतो सेवांच्या शुल्कातून आणि केंद्र सरकारच्या अनुदानांतून. काउंटीतील पंचवीस स्कूल डिस्ट्रिक्टांपैकी जे डिस्ट्रिक्ट मागतील त्यांना हा विभाग ऑक्युपेशनल थेरपिस्ट (लिहिण्यासारखी रोजची कामे जमावीत म्हणून सराव देणारे) आणि फिजिकल थेरपिस्ट (चालणे, तोल सांभाळणे अशा हालचालींचे उपचार करणारे) पुरवतो. ज्या घरांत विशेष गरजा असलेले मूल आहे, त्या घरांना या सेवेचे मोल सांगायला नको. पेन्सिल चार बोटांनी मुठीत धरणाऱ्या मुलाला थेरपिस्ट आधी मातीचे गोळे वळायला लावतात, मग कपड्यांचे चिमटे उघडायला देतात, मग पेन्सिलीवर रबरी पकड चढवतात. वर्गातल्या इतर मुलांना दिसणारही नाही इतक्या संथपणे अक्षर कागदावर उतरू लागते. हे काम आठवड्यातून ठरावीक मिनिटे व्हावे असे त्या मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात लिहिलेले असते, आणि केंद्रीय कायद्याने ते करणे डिस्ट्रिक्टवर बंधनकारक आहे.

म्हणजे काउंटीचा विभाग गेला तरी ही जबाबदारी जात नाही. ती डिस्ट्रिक्टच्या सर्वसाधारण निधीवर येते. ह्यूस्टन किंवा सायप्रस-फेअरबँक्ससारख्या मोठ्या डिस्ट्रिक्टांना स्वतःचे थेरपिस्ट नेमता येतील. क्रॉस्बी किंवा हफमनसारख्या लहान डिस्ट्रिक्टांना मोजक्या शाळांपुरता पूर्णवेळ माणूस परवडत नाही, आणि अर्धवेळ माणूस मिळत नाही. मग खाजगी एजन्सीकडून तासाच्या दराने सेवा घ्यावी लागेल. विशेष शिक्षणाच्या जादा खर्चापैकी ४० टक्के वाटा उचलण्याचे आश्वासन केंद्राने १९७५ साली दिले होते, ते आजवर पाळलेले नाही. त्यात टेक्सासने २००४ पासून विशेष शिक्षणातील विद्यार्थ्यांचे प्रमाण ८.५ टक्क्यांवर रोखून धरले होते. २०१८ च्या जानेवारीत केंद्रीय शिक्षण खात्याने ते बेकायदा ठरवले. तेव्हापासून पूर्वी दारातून परत पाठवलेली मुले या सेवांत येत आहेत. मागणी वाढत असताना पुरवठ्याची सामाईक व्यवस्था मोडणे आम्हाला धोक्याचे वाटते.

दुसरी बाब विभाग चालवत असलेल्या हेड स्टार्टची. गरीब घरांतील लहान मुलांसाठीच्या या केंद्रीय योजनेत अनुदान घेणाऱ्या संस्थेला सामान्यतः एकूण खर्चाच्या २० टक्के रक्कम किंवा त्या मोलाची साधने स्थानिक पातळीवर उभी करावी लागतात. अनुदान संस्थेच्या नावावर असते. संस्थाच उरली नाही, तर त्यासाठी नव्याने अर्ज मागवले जातात आणि नवी संस्था उभी राहीपर्यंत बालवर्गांचे काय, हा प्रश्न उरतो. बिलातून १५ डॉलर कमी होतात हे दिसते. त्यामुळे काउंटीत येणारे किती केंद्रीय पैसे थांबू शकतात, हे बिलात दिसत नाही.

विभागाचे प्रौढांसाठीचे इंग्रजीचे मोफत वर्ग हा आपल्या समाजाला जवळचा विषय आहे. मुलांकडे कायमचे राहायला आलेले आईवडील आणि लग्नानंतर येथे आलेल्या मुली या वर्गांना बसू शकतात. डॉक्टरांकडे दुभाष्याशिवाय बोलता येऊ लागणे ही त्यांच्यासाठी लहान गोष्ट नाही.

डॅलसचा अनुभव आपल्या डोळ्यांसमोर असावा. तेथील काउंटीची अशीच जुनी संस्था मुख्यतः शाळांच्या बस चालवत असे. बसवरील कॅमेऱ्यांच्या व्यवहारात लाचखोरी झाली, संस्था कर्जात बुडाली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये मतदारांनी ती बंद केली. त्या संस्थेचे समर्थन आम्ही करत नाही. गैरव्यवहाराला शिक्षा व्हायलाच हवी होती. पण संस्था बंद झाल्यावरही तिचे कर्ज फेडण्यासाठी तिचा कर चालूच राहिला, आणि डॅलस स्कूल डिस्ट्रिक्टला स्वतःचा वाहतूक विभाग उभारावा लागला. याउलट महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या तेव्हा जुन्या जिल्हा स्कूल बोर्डांचे काम कोणाकडे जाणार हे कायद्याने आधीच ठरवले होते. टेक्सासमध्ये बंद करण्याची मागणी करणाऱ्यांनी निदान एवढे तरी सांगावे, की शाळा, शिक्षक, अनुदाने आणि करार यांचा वारस कोण?

आमची विनंती तीन प्रकारची आहे. आपल्या मतदारसंघातील प्रतिनिधी आणि सिनेटर यांना आपल्या घरच्या अनुभवासह स्वतःच्या शब्दांत पत्र लिहावे. एकाच मजकुराच्या शंभर पत्रांपेक्षा अशा दहा पत्रांचा उपयोग जास्त होतो. ज्यांच्या मुलांना थेरपीचा लाभ मिळाला आहे, त्यांनी समितीच्या सुनावणीत साक्ष देण्याची तयारी ठेवावी. बोलायला दोन-तीन मिनिटेच मिळतात, पण त्यासाठी राज्याच्या राजधानीत, ऑस्टिनला, दिवसभर थांबावे लागते आणि रोजंदारीवर काम करणाऱ्या कुटुंबांना ते झेपत नाही. त्यांच्या, आणि आपल्या समाजाबाहेरील शेजाऱ्यांच्याही, प्रवासाचा, जेवणाचा व मुलांना सांभाळण्याचा खर्च उचलण्यासाठी आम्ही निधी जमवत आहोत. प्रत्येक कुटुंबाने किमान २५ डॉलर द्यावेत. ज्यांना अधिक शक्य आहे त्यांनी अधिक द्यावेत.

कायद्याविषयीच्या प्रचाराला देणगीची करसवलत मिळत नाही. म्हणून ही रक्कम आम्ही वेगळ्या खात्यात ठेवणार असून आपणही ती करविवरणात सवलतीसाठी दाखवू नये. कोणत्याही पक्षाच्या किंवा उमेदवाराच्या प्रचारासाठी तिचा एक सेंटही वापरला जाणार नाही. अधिवेशन संपल्यावर जमाखर्च मराठी शाळेच्या पालकसभेत मांडला जाईल आणि उरलेल्या पैशांतून प्रौढ इंग्रजी वर्गांसाठी शब्दकोश घेतले जातील.

शुगरलँड आणि फोर्ट बेंड काउंटीतील मंडळींना हा कर लागत नाही, तरी त्यांच्यापैकी जे शिक्षक किंवा थेरपिस्ट म्हणून हॅरिस काउंटीत काम करतात त्यांनी आवर्जून पुढे यावे. नावनोंदणीची वही आणि देणगीच्या पावत्या दर रविवारी मराठी शाळेच्या वर्गांबाहेर ठेवलेल्या असतील. साक्ष देऊ इच्छिणाऱ्यांनी डिसेंबरअखेर नाव द्यावे, म्हणजे प्रत्येकाचे निवेदन एकदा एकत्र बसून वाचता येईल.

आपली,
शिक्षण समिती