‘बोकामी’ म्हणजे दर वेळी मूर्खपणा नव्हे

संपादक महोदय,

बंगाली कथांच्या मराठी अनुवादांत आणि अलीकडे मालिकांच्या उपशीर्षकांत ‘बोकामी’ या शब्दासाठी अनेकदा डोळे झाकून ‘मूर्खपणा’ लिहिला जातो, त्याविषयी हे पत्र.

‘बोका’ हे बंगालीत ‘खुळा’ अशा अर्थाचे विशेषण आहे. आपल्या बोक्याचा अर्थ त्यात नाही. त्या प्राण्याला तिकडे ‘हुलो’ म्हणतात. ‘छेले’ म्हणजे मुलगा, त्यावरून ‘छेलेमी’ म्हणजे पोरकटपणा. तशीच ‘बोका’वरून ‘बोकामी’ होते आणि आपल्याकडे जे काम ‘पणा’ करतो ते तिथे ‘मी’ हा प्रत्यय करतो. परंतु शब्दाची धार कोण कोणाला बोलते आहे यावर ठरते. आई रुसलेल्या मुलाला ‘बोका छेले’ म्हणते, तेव्हा मराठीत ‘वेडा रे वेडा’ हेच ऐकू यायला हवे. व्यवहारात फसलेला माणूस स्वतःविषयी ‘बोकामी कोरे फेलेछी’ म्हणतो, तेव्हा ‘खुळेपणा करून बसलो’ हे त्याच्या तोंडी शोभते, कारण त्या ‘फेलेछी’त आपल्या ‘करून बसलो’मधली हळहळच आहे. वरिष्ठाच्या निर्णयाला चारचौघांत कोणी बोकामी म्हटले, तर मात्र तो अपमानच असतो आणि तिथे ‘मूर्खपणा’ खुशाल लिहावा. ‘मूर्ख’ हा शब्द बंगालीतही आहे, पण त्याला निरक्षर, अशिक्षित अशीही छटा आहे. बोकामी करायला शिक्षणाची आडकाठी नसते.

रूप पाहून अर्थ ठरवण्याची ही घाई इतरत्रही नडते. ‘दुष्टुमी’ हा बहुतेकदा मुलांचा खोडकरपणा असतो. तो ‘दुष्टपणा’ झाला की आजीचा लाडका नातू मराठीत खलनायक ठरतो.

सर्वांत मोठा घोटाळा होतो तो ‘न्याकामी’चा. बोकामी करणाऱ्याला खरोखरच कळत नसते. न्याकामी करणाऱ्याला सारे कळत असते, पण तो भोळेपणाचा आव आणतो, किंवा उगाच लाडिक, नखरेल वागतो. यातल्या पहिल्या अर्थासाठी आपल्याकडे ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ हा अस्सल वाक्प्रचार तयार असताना अनुवादकाने तिथेही ‘मूर्खपणा’ लिहिला, तर त्या पात्राची लबाडीच वाचकाच्या नजरेतून निसटते.

आपला,
एक वाचक, पुणे