चुन्याची बादली आणि दहावीचं रसायनशास्त्र

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी 26 वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आता रिटायर आहे. परवा दहावीतली पुतणी माझ्याकडे अभ्यासाला बसली होती, तिच्या क्लासच्या नोट्समध्ये स्पष्ट लिहिलंय, "रासायनिक बंध (म्हणजे अणूंना एकमेकांशी धरून ठेवणारे बंध) तुटले की ऊर्जा बाहेर पडते." हे साफ चुकीचं आहे हो. आणि ही चूक एकट्या त्या क्लासची नाही, मी कित्येक मुलांच्या तोंडून आणि काही शिक्षकांच्याही तोंडून ऐकलीय, म्हणून हे पत्र.

बंध तोडायला ऊर्जा घालावी लागते, नवीन बंध जुळताना ती बाहेर येते, आणि या दोन्हीत जो फरक उरतो तोच आपल्याला गरम किंवा गार म्हणून जाणवतो. बंध तुटतानाच ऊर्जा मिळत असती तर गॅसला काडी कशाला लागली असती, बटण फिरवल्याबरोबर तो आपोआप पेटला असता की! पुतणीला मी जमाखर्चच मांडून दाखवला. हायड्रोजन आणि क्लोरीनपासून हायड्रोजन क्लोराइड होताना हायड्रोजनचा बंध तोडायला 436 किलोज्यूल, क्लोरीनचा 243, म्हणजे खर्च 679, आणि नवीन दोन बंध जुळताना प्रत्येकी 431 प्रमाणे जमा 862, शिल्लक 183 किलोज्यूल, ती उष्णता म्हणून बाहेर. पाच मिनिटांत समजलं तिला. मग म्हणाली, काकू, पण जीवशास्त्रात तर एटीपीचा (पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा) बंध तुटून ऊर्जा मिळते म्हणतात? गोंधळ इथूनच होतो. तिथेही तो बंध तोडायला थोडी ऊर्जा लागतेच, पण पाण्याशी अभिक्रिया होऊन पुढे जे नवीन बंध तयार होतात त्यातून जास्त परत येते, आणि हे अर्धं वाक्य कोणी सांगतच नाही.

दुसरं म्हणजे उष्मादायी (उष्णता बाहेर टाकणारी) आणि उष्माग्राही (उष्णता आत घेणारी अभिक्रिया) हे शब्द मुलं फक्त "फरक स्पष्ट करा" साठी पाठ करतात. आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी घराला चुना लावायचे, वडील बादलीत कळीचा चुना टाकून वरून पाणी ओतायचे आणि बादली नुसती खदखदायची, वाफा यायच्या, आम्हाला जवळ फिरकू द्यायचे नाहीत, आणि बरोबरच होतं ते, चुना डोळ्यात उडाला तर डोळा जायची भीती असते. 56 ग्रॅम चुनकळी, म्हणजे हाच कळीचा चुना, पाण्यात पडली की साधारण 65 किलोज्यूल उष्णता निघते. म्हणजे एक किलो चुनकळीतून निघालेली सगळी उष्णता धरून ठेवता आली तर तीन लिटर पाणी सहज उकळेल.

पण मला खरी गंमत त्याच्या आधीची आणि नंतरची वाटते. ही चुनकळी येते भट्टीतून (मुंबईतल्या चुनाभट्टीचं नावच अशा भट्ट्यांवरून पडलंय), तिथे चुनखडी 900 अंशांच्या आसपास तापवतात तेव्हा तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि तेवढ्याच 56 ग्रॅम चुनकळीसाठी 178 किलोज्यूल आत शोषले जातात. त्यातले 65 बादलीत परत मिळाले, मग उरलेले 113 कुठे गेले? ते भिंतीवर मिळतात! लावलेला चुना दिवसेंदिवस हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे मूळची चुनखडीच, होतो, भिंत कडक आणि पांढरीशुभ्र होते, आणि ते 113 किलोज्यूल इतके हळूहळू सुटतात की हाताला काही कळतही नाही. 65 आणि 113 मिळून बरोबर 178. रसायनशास्त्रज्ञ जर्मेन हेस यांनी 1840 मध्ये सांगितलेला नियम तो हाच, वाट कुठलीही धरा, सुरुवात आणि शेवट तोच असेल तर ऊर्जेचा हिशोब तोच येतो. बारावीत मुलं यावर गणितं सोडवतात, पण घरच्या भिंतीशी त्याचा काही संबंध आहे हे त्यांना माहीतच नसतं.

गार होण्याचं उदाहरण तर गावातल्या प्रत्येक पोराच्या हाताखालचं आहे. फवारणीसाठी युरिया पाण्यात ढवळला की बादली बाहेरून गार लागते. हे नुसतं विरघळणं आहे, अभिक्रिया नाही, पण उष्णता आत ओढली जाते ती समजायला उत्तम. आम्ही 100 मिली पाण्यात 20 ग्रॅम युरिया टाकला तर पारा 29 वरून 20 वर आला. अभिक्रियाच पाहायची तर लिंबाच्या रसात खाण्याचा सोडा टाका, फसफसता फसफसता तापमान उतरतं. फक्त तापाचा थर्मामीटर चालत नाही, तो 35 च्या आसपास सुरू होतो, प्रयोगशाळेतलाच लागतो.

आणि तिथेच घोडं अडतं. बऱ्याच शाळांत चार-पाच थर्मामीटर कपाटात कुलपात असतात, फुटतील म्हणून बाहेर काढतच नाहीत. माझी मुख्याध्यापकांना आणि शाळा समित्यांना कळकळीची विनंती आहे की ते बाहेर काढा, फुटले तर फुटू द्या, पाऱ्याऐवजी लाल अल्कोहोलचे घ्या म्हणजे धोकाही नाही, आणि युरियाचा हा प्रयोग धडा सुरू व्हायच्या आधी एकदा प्रत्येक बाकावर होऊ द्या. चुन्याचा मात्र शिक्षकांनीच करून दाखवावा, चष्मा लावून आणि मुलांना लांब बसवून. आणि क्लासवाल्यांनी नोट्समधलं ते वाक्य कृपा करून या परीक्षेच्या आधी दुरुस्त करावं, मुलं ते जसंच्या तसं पेपरात लिहितात.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, जि. सातारा