फोकस चुकला की हवा हलली?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत मिररलेस (आतला आरसा नसलेले) कॅमेरे आणि लांब पल्ल्याच्या लेन्स यांवर आलेला लेख वाचला. दिवाळी सरली की बडोद्याहून डभोईच्या रस्त्याने वढवाणा तलावाकडे निघणाऱ्या कॅमेऱ्यांची गर्दी वाढते, त्यामुळे लेख वेळेवर आला हे खरे. पण ‘नवा कॅमेरा पक्ष्याचा डोळा आपोआप पकडतो, तुम्ही फक्त परवडेल तेवढी लांब लेन्स घ्या’ हा त्यातला सल्ला अर्धाच बरोबर आहे, आणि राहिलेला अर्धा घेणाऱ्याला लाख-दीड लाखाला पडू शकतो.

फोटो मऊ आला की ‘फोकस चुकला’ म्हणून मोकळे व्हायची सवय सगळ्यांनाच आहे. या एका तक्रारीच्या पोटात चार वेगळी दुखणी असतात: हवा हलली, हात हलला, पक्षी हलला, किंवा फोकस खरोखरच भलतीकडे लागला. पहिल्या तिन्हींत ऑटोफोकसचा काडीचाही दोष नसतो. कोणते दुखणे आहे ते फोटोच सांगतो, फक्त तो शंभर टक्के मोठा करून पाहायला हवा. पक्षी मऊ पण पुढचे किंवा मागचे गवत करकरीत, तर फोकस चुकला. कुठेच काही करकरीत नाही आणि पाण्यावरची प्रत्येक चमक एकाच दिशेला ओढल्यासारखी, तर हात हलला. डोके स्वच्छ आणि पंखांची टोके पुसट, तर शटरचा वेग कमी पडला. आणि ओळीने काढलेल्या दहा फोटोंत काठावरचा तोच खांब कधी सरळ, कधी नागमोडी, कधी दुहेरी, तर ती हवा.

वढवाण्याला सर्वांत जास्त फोटो हवाच खाते. सयाजीरावांच्या काळात सिंचनासाठी बांधलेला हा तलाव २०२१ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. पट्टकादंब, लालसरी, वारकरी यांचे थवे हिवाळ्यात इथे उतरतात, पण बरेचदा बांधापासून दीड-दोनशे मीटर आत. डिसेंबरात पहाटे पाणी हवेपेक्षा उबदार असते, आणि ऊन चढले की बांधाची माती व काठची शेते तापतात. म्हणजे सकाळभर कमी-अधिक तापमानाचे हवेचे थर एकमेकांत मिसळत असतात. प्रत्येक थरातून जाताना प्रकाश किंचित वाकतो आणि लांब लेन्स पक्ष्याबरोबर ते वाकणेही मोठे करून दाखवते. ऑटोफोकसलाही तीच थरथरती प्रतिमा मिळते, मग तो एका फोटोत पुढे, दुसऱ्यात मागे असा चुळबुळत राहतो. यावर ६०० च्या जागी ८०० मिमी नाभीय अंतराची, म्हणजे आणखी लांब, लेन्स लावणे म्हणजे थरथर आणखी मोठी करून घेणे. दोनशे मीटरवरचा पट्टकादंब साडेनऊनंतर कोणत्याच लेन्सने नीट येत नाही. हे एकदा मान्य केले की पुष्कळ पैसे वाचतात.

हवेतही घरची भर पडते ती वेगळीच. मोटारीची काच खाली करून, इंजिन चालू ठेवून, गरम बॉनेटवरून लेन्स रोखली तर थरथर आपण स्वतःच पुरवतो. हीटर लावलेल्या गाडीतून काढलेली लेन्स थंडीत बाहेर आली की तिच्या नळीतली आणि हुडातली ऊबदार हवा बराच वेळ निवत नाही. इंजिन बंद करावे, पोहोचल्याबरोबर लेन्स पिशवीतून काढून वीस-पंचवीस मिनिटे बाहेरच्या हवेत ठेवावी, आणि शंका आली तर हुड काढून एकदा पाहावे. फुकटचे उपाय आहेत, म्हणूनच बहुधा कोणी करत नाही.

आता खरा फोकस. जुन्या एसएलआरमध्ये फोकसचा सेन्सर आरशाखाली वेगळा असे. त्याचे आणि मुख्य सेन्सरचे अंतर केसभर जरी जुळले नाही तरी प्रत्येक फोटो ठरावीक प्रमाणात पुढे किंवा मागे जायचा, आणि लेन्स कॅमेऱ्याशी ‘जुळवून’ घ्यावी लागायची. मिररलेसमध्ये फोकसचे पिक्सेल मुख्य सेन्सरवरच असल्याने ते दुखणे जवळपास गेले. एफ ११ सारख्या बारीक ॲपर्चरच्या (प्रकाश आत सोडणारे छिद्र; एफचा आकडा मोठा तितके ते लहान) लेन्सलाही ऑटोफोकस मिळू लागला तो याच बदलामुळे. पण बहुतेक कॅमेऱ्यांत हे पिक्सेल डावे-उजवे असे विभागलेले असतात. उभ्या रेघा ते झटकन ओळखतात, आडव्या रेघांपुढे बावचळतात. पाण्याची कड, बांधाची धार, विजेची तार यांवर लेन्स नुसतीच पुढे-मागे धावते ती यामुळे. उपाय हास्यास्पद वाटावा इतका सोपा आहे: कॅमेरा दहा-पंधरा अंश तिरका करा, फोकस लागू द्या, मग सरळ करा. ओएम सिस्टमचा ओएम-१ आणि कॅननचा आर १ हे याला अपवाद. त्यांच्या सेन्सरला दोन्ही दिशा कळतात.

याहून जास्त वेळा घडणारा प्रकार बाभळीत बसलेल्या वटवट्याचा. चार-पाच इंचांचे पाखरू, मागे उन्हात चमकणारा तलाव. आधीचा फोटो दूरच्या बगळ्याचा असल्याने लेन्स अनंतावर उभी असते. सहा मीटरवरचा वटवट्या अशा वेळी इतका विरघळलेला असतो की कॅमेऱ्याच्या लेखी तिथे काहीच नसते. पक्षी ओळखणारी यंत्रणाही तो दिसेपर्यंत काही ओळखू शकत नाही. समोर स्पष्ट दिसते ते मागचे पाणी, आणि कॅमेरा तेच इमानेइतबारे पकडून बसतो. बटण पुन्हा पुन्हा दाबून काही होत नाही. लेन्स आधी त्या अंतराजवळ आणावी लागते. हाताने फोकसची रिंग फिरवा, किंवा पक्ष्याइतक्याच अंतरावरच्या जमिनीवर, खोडावर फोकस लावा आणि मग कॅमेरा वर उचला. त्यानंतर डोळ्यावरची चौकट क्षणात उमटते. यासाठी फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या एएफ-ऑन बटणावर दिलेला बरा, नाहीतर शटर दाबताच कॅमेरा पुन्हा पाण्याकडे धावतो. मोड सततच्या फोकसचा, म्हणजे एएफ-सी, कॅननवर सर्व्हो. फोकसची चौकट लहानात लहान. विषय ‘ऑटो’वर न सोडता ‘पक्षी’.

लव्हाळ्यात शिरणाऱ्या पाणकोंबडीची गंमत वेगळी. पक्षी पकडलेला असतो, मध्ये एक पाते येते आणि फोकस पात्यावर उडी मारतो. त्यासाठी मेनूत मागावर राहण्याचा चिवटपणा ठरवणारी सेटिंग असते, पण तिचे आकडे कंपनीगणिक उलटे आहेत. सोनीत १ म्हणजे विषय धरून ठेवणारा आणि ५ म्हणजे चटकन सोडणारा. निकॉनमध्ये ५ म्हणजे उशिरा सोडणारा आणि १ म्हणजे लगेच. एका कंपनीचा कॅमेरा वापरणाऱ्याने दुसऱ्याला ‘१ वर ठेव’ सांगितले की घोटाळा ठरलेला.

लेन्सवरचा फोकस लिमिटर, म्हणजे फोकस किती अंतरात शोधायचा ते ठरवणारे बटण, हाही असाच विसरला जातो. सोनीच्या २००-६०० वर त्याच्या तीन जागा आहेत: पूर्ण, १० मीटर ते अनंत, आणि २.४ ते १० मीटर. उडणाऱ्या पक्ष्यासाठी मधली जागा उत्तम, कारण लेन्सला जवळचा सगळा पल्ला हुंगत बसावे लागत नाही. पण बटण तिथेच राहिले आणि पाच मीटरवर खंड्या येऊन बसला तर फोकस जन्मात लागणार नाही. सर्व्हिस सेंटरकडे लेन्स पाठवण्याआधी हे बटण पाहावे.

डोळ्यावर फोकस लागूनही चोच मऊ येते त्याचे गणित थोडे निराळे. फुल फ्रेमवर (३६ मिमी रुंद सेन्सरवर) ६०० मिमी, एफ ६.३ आणि अंतर दहा मीटर असेल तर फोकसची खोली जेमतेम दहा सेंटिमीटर मिळते. वीस मीटरवर ती चाळीसच्या आसपास जाते, चाळीस मीटरवर दीड मीटरच्या पुढे. म्हणून जवळचा पक्षी आडवा, कॅमेऱ्याशी समांतर असताना टिपावा. तोंड आपल्याकडे असेल तर शेपटी सोडून द्यावी लागते. दूरच्या पक्ष्याचा फोकस ‘थोडासा’ चुकला ही तक्रार मात्र संशयास्पद, तिथे पुन्हा हवेकडे पाहावे.

शटरबद्दल थोडक्यात: उडणाऱ्या पक्ष्याला १/२००० च्या खाली येऊ नये, सूर मारणाऱ्या खंड्याला १/३२००. लेन्समधले स्थिरीकरण आपला हात धरते, पक्ष्याचे पंख धरत नाही. एफ ६.३ वर चांगल्या उन्हात आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदना) ४०० मध्ये हे जमते; सूर्य उगवताना आयएसओ ३२०० च्या पुढे जावे लागते आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. दाणेदार फोटो सुधारतो, हललेला सुधारत नाही.

आता लेन्सची निवड. लेखात ‘क्रॉप सेन्सरवर ४०० ची लेन्स ६०० होते’ असे छापले आहे. (क्रॉप म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर.) लेन्स ४०० चीच राहते, चौकट लहान होते. तरी व्यवहारात काय फरक पडतो ते आकड्यांत पाहावे. साठ मीटरवर चाळीस सेंटिमीटर लांबीचे पाखरू बसले आहे. फुल फ्रेमवर ६०० मिमीने त्याची प्रतिमा सेन्सरवर ४ मिलिमीटर पडते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ते सुमारे ६७० पिक्सेल. ४०० मिमीने प्रतिमा २.७ मिलिमीटर, पण १.५ क्रॉपच्या २४ मेगापिक्सेल सेन्सरवर तेही सुमारे ६८० पिक्सेलच. म्हणजे तपशील सारखा. फरक पडतो प्रकाशात: एफ ६.३ ला ६०० च्या लेन्सचे तोंड ९५ मिलिमीटर उघडते, ४०० चे ६३. पक्ष्याकडून येणारा प्रकाश तिथे दुपटीहून जास्त गोळा होतो. सकाळी नऊनंतरच बाहेर पडणाऱ्याला याची फिकीर नको, उगवतीला पोहोचणाऱ्याने विचार करावा.

वजनाचा मुद्दा लेखात आलाच नाही. सोनीची २००-६०० तिपाईचा पाय सोडून २,११५ ग्रॅम, निकॉनची १८०-६०० कॉलर (तिपाईला जोडायचे कडे) सोडून १,९५५. दोन्हींचे झूम आतल्या आत होते, नळी बाहेर येत नाही, त्यामुळे तोल बदलत नाही. कॅननची १००-५०० कॉलरशिवाय १,३७० ग्रॅमच, पण झूम करताना लांबते आणि टोकाला एफ ७.१ होते. एफ ६.३ आणि ७.१ यांत फरक एक तृतीयांश स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). त्यासाठी कोणी तिला नाकारू नये. दोन किलो हातात धरून अर्धा तास उडत्या थव्यामागे फिरवले की हात थरथरू लागतो, आणि मग दोष पुन्हा ऑटोफोकसच्या माथी. ज्यांना तिपाई किंवा मोनोपॉड न्यायचा नाही त्यांनी दुकानात लेन्स एक मिनिट नव्हे, दहा मिनिटे डोळ्याला लावून उभे राहावे. कॅननची १००-४०० एफ ५.६-८ अवघी ६३५ ग्रॅम आहे. क्रॉप कॅमेऱ्यावर ती चालत्या माणसाची लेन्स म्हणून फार वाईट नाही, फक्त एफ ८ ला पहाट सोडावी लागते.

टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसवायचे, लेन्सचा पल्ला वाढवणारे भिंग) ‘नंतर घेऊ’ म्हणणाऱ्यांनी आधीच विचारून घ्यावे. १.४ पटीचा एक स्टॉप खातो, दुपटीचा दोन. ६०० एफ ६.३ ला दुपटीचा लावला की १२०० एफ १३ होते आणि सकाळच्या उजेडात फोकस अडखळू लागतो. कॅननच्या १००-५०० वर कन्व्हर्टर लावायचा तर लेन्स आधी ३०० मिमीच्या पुढे न्यावी लागते आणि मग १०० ते ३०० हा पल्लाच हातून जातो. सोनी माउंटच्या सिग्मा-टॅमरॉन लेन्सना कन्व्हर्टर चालत नाही, आणि वेगवान सोनी बॉडीवर त्यांचा वेग सेकंदाला १५ फोटोंवर थांबतो. ज्याची बॉडी मुळातच सेकंदाला दहा फोटोंची आहे त्याला याचे सुतक नको. घरात जुनी निकॉन एएफ-डी (स्वतःची फोकस मोटर नसलेली) लेन्स असेल तर जुन्या लेन्स मिररलेसला जोडणाऱ्या एफटीझेड ॲडॅप्टरवर ती फक्त हाताने फोकस होईल, कारण त्या ॲडॅप्टरमध्ये मोटर नाही. स्वतःची मोटर असलेल्या एएफ-एस लेन्स मात्र चालतात, आणि २००-५०० एफ ५.६ जुन्या बाजारात मिळाली तर ती आजही चांगला सौदा आहे. कॅननच्या ६०० व ८०० एफ ११ हलक्या आणि स्वस्त, पण आर ५, आर ६ वर त्यांचा ऑटोफोकस चौकटीच्या मधल्या भागातच चालतो. कडेने उडणारा पक्षी तिथे निसटतो.

तेव्हा विनंती एवढीच. खरेदीविषयीच्या पुढच्या लेखात किमतीच्या शेजारी आणखी चार गोष्टी छापाव्यात: लेन्सचे वजन, तिच्या लांब टोकाचे ॲपर्चर, जवळात जवळ फोकस किती मीटरवर लागतो, आणि कन्व्हर्टर चालतो का. क्रॉपबद्दलच्या त्या वाक्याचा खुलासाही यावा. दुकानदार कात्रण दाखवून विकतात.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे