ऑटोपायलटला डोळे नसतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बोटींच्या ऑटोपायलटवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. ‘बटण दाबा आणि निवांत बसा’ हे वाचून हसू आलं. मी मूळचा नाशिकचाच, पण तीस वर्षं मुंबईत ट्रॉलर आणि टगवरच्या (मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटींवरच्या) विजेची कामं केली. आता इंदिरानगरला असतो. गंगापूर धरणावरच्या बोटींना याचं काय काम, असं शेजारी म्हणतात. खरंय, पण इथली पोरंही हल्ली मर्चंट नेव्हीत जातात.

ऑटोपायलटमध्ये होकायंत्राचा सेन्सर बोटीचं तोंड कुठे आहे ते सांगतो. पेटीतला कॉम्प्युटर ते ठरवलेल्या कोर्सशी, म्हणजे जायच्या दिशेशी, ताडतो आणि फरक दिसला की पंपाला हुकूम देतो. पंप सुकाणू वळवतो. किती वळलं, ते सुकाणूवरचा दुसरा सेन्सर परत कळवतो. यातली खरी मेख वेगळीच आहे. बोट कोर्सवर यायला लागली की सुकाणू आधीच सैल सोडावं लागतं, वेळेला थोडं उलटंही द्यावं लागतं. नाहीतर ती पलीकडे जाते. मुरलेला सुकाणी हे हातानेच करतो. अशा सुकाण्यांचं निरीक्षण करून मिनोर्स्की या अभियंत्याने 1922 साली त्याचं गणित मांडलं. पेटीची संवेदनशीलता उगाच वाढवली, तर नवशिक्याच्या सायकलसारखं सुकाणू सारखं डावं-उजवं करतं, बॅटरी खातं आणि पंपाची मोटार झिजवतं.

एका ट्रॉलरचा कोर्स अचानक पंधरा अंशांनी चुकायला लागला. कॉम्प्युटर बदला, असं दुरुस्तीवाल्याने सांगितलं होतं. मालक पैसे काढायच्या बेतात होता. मी बंकखालचा (झोपायच्या फळीखालचा) होकायंत्राचा सेन्सर बघितला, तो ठीक होता. मग प्लायवूडच्या पलीकडे हात घातला. वीतभर अंतरावर नवाकोरा स्पीकर! पोरांनी गाण्यांसाठी बसवलेला. त्याचं लोहचुंबक होकायंत्राला ओढत होतं. दोन स्क्रू काढले, कोर्स जागेवर. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, पोरांना काय बोलला ते छापण्याजोगं नाही.

अशी कामं पान्याची आणि चिंध्यांची असतात. सुकाणूच्या सेन्सरच्या दांडीचा नट सैल झाला नाही ना, टर्मिनलवर हिरवा थर चढला नाही ना, हायड्रॉलिक तेलात हवा शिरली नाही ना, हे बघायचं. व्होल्टेज मोजायचं ते पंप चालू असताना, पेटीपाशी. बंद असताना बारा दाखवणारी बॅटरी लोडखाली कोसळते आणि पेटी मध्येच बंद पडते. सेन्सरची जागा बदलली की शांत पाण्यात बोट सावकाश गोल फिरवून होकायंत्र नव्याने जुळवायचं.

राहता राहिलं ‘निवांत बसा’. पेटी कोर्स धरते, समोरचं बघत नाही. रात्री जाळ्याचा बोया किंवा दिवा न लावलेली होडी तिच्या खिजगणतीत नसते. टक्कर टाळण्यासाठीच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांतला पाचवा नियम कायम नजर ठेवा म्हणतो, ऑटोपायलट असला तरी त्यातून सूट नाही. पुढच्या पुरवणीत एवढी दुरुस्ती छापावी ही विनंती.

आपला,
एक निवृत्त मरीन इलेक्ट्रिशियन,
इंदिरानगर, नाशिक