किपलिंगचं घर आणि गिरणीच्या पाण्यावरची वीज

बरवॉश, ईस्ट ससेक्स

ती. अप्पाकाका यांस,
सा. न. वि. वि.

पऱ्ह्यावर टर्बाइन (पाण्याच्या जोराने फिरणारं, वीज करणारं चाक) बसवून घरापुरती वीज करायचं तुमच्या मनात आहे, असं दादाने कळवलं. तेव्हा इथल्या ‘बेटमन्स’बद्दल लिहायलाच हवं. हे ‘जंगल बुक’ लिहिणाऱ्या रुडयार्ड किपलिंगचं घर. त्याचा जन्म मुंबईत जे. जे. कलाशाळेच्या आवारातला, १८६५चा. वडील तिथे शिकवायचे. त्याची साम्राज्यवादी मतं आपल्याला पटायची नाहीत, पण पाण्याचं काम त्याने डोकं लावून केलंय.

घर दगडी, दारावर १६३४ कोरलेलं. या मुलखात तेव्हा लोखंडाच्या भट्ट्या होत्या. तशाच एका भट्टीवाल्याने ते बांधलं, असं सांगतात. किपलिंगने १९०२ साली पाण्यावर चालणारी गिरणी आणि ३३ एकर जमिनीसकट ९,३०० पौंडांना घेतलं. वरच्या मजल्यावर नळ नाही, घरात न्हाणीघर नाही, वीज नाही. स्टेशन चार मैलांवर, वाटेत खडा चढ. आधीच्या मालकाच्या घोड्यांच्या दोन जोड्या त्या चढाने संपवल्या होत्या. किपलिंगच्या डोक्यात मोटार होती. हे आधी कळलं असतं तर दुप्पट किंमत मागितली असती, असं तो मालक पुढे म्हणाला!

विहीर खणली तेव्हा पंचवीस फुटांत तंबाखूची जुनी चिलीम, क्रॉमवेलच्या काळातला चमचा आणि तळाशी रोमन घोड्याच्या लगामाचा काशाचा तुकडा निघाला. म्हणजे वस्ती घराहून कितीतरी जुनी.

मुलगा जॉन १९१५ साली पहिल्या महायुद्धात, लूसच्या लढाईत गेला, अठराव्या वर्षी. किपलिंग १९३६ला वारला. पत्नी कॅरी १९३९ला गेली. तिने घर नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला दिलं.

आता वीज. टर्बाइन गिरणीपाशी, घर तिथून फर्लांगभर, म्हणजे दोनशे मीटर. सल्ल्याला नाईलवरच्या आस्वान धरणाचा आराखडा करणारे विल्यम विलकॉक्स. वीज ११० व्होल्टची. व्होल्टेज कमी की त्याच कामाला अँपिअर जास्त लागतात, आणि लांबच्या बारीक तारेत बरीच वीज नुसती तार तापवण्यात जाते. जाड केबल महाग. किपलिंगने समुद्राखाली टाकायची, १,२०० व्होल्टच्या चाचणीत नापास झालेली केबल घेतली आणि चर खणून पुरली. ११० व्होल्टला ती भरपूर झाली. पंचवीस वर्षं चालली. तोवर टर्बाइनच्या बेअरिंगमध्ये दीड मिलिमीटर ढिलाई आली होती, मग केबल आणि टर्बाइन दोन्ही बदलली. आणि एवढ्या खटाटोपाचं फळ म्हणजे साठ वॅटचे दहा दिवे, संध्याकाळचे चारेक तास.

तुमच्याकडे तेवढेच ६०० वॅट हवेत असं धरू. पडाव, म्हणजे पाणी जितक्या उंचीवरून पडतं ती उंची, मीटरमध्ये गुणिले सेकंदाला लिटर गुणिले ९.८, आलेल्या आकड्याच्या निम्मेच वॅट हाती लागतात. चार मीटर पडाव असेल तर सेकंदाला ३० लिटर पाणी लागेल. हे श्रावणात मोजू नका. तेव्हा कुठलाही पऱ्ह्या नदी असतो. मार्चमध्ये मोजा. पाटाच्या तोंडाशी जाळी तिरकी बसवा, म्हणजे पाला दाताळ्याने वर ओढता येतो. सरळ जाळी एका रात्रीत चोंदते. जाळीच्या अलीकडे गाळ बसायला खड्डा ठेवा, नाहीतर वाळू बेअरिंग खाते.

घरापासून पडावापर्यंतचं अंतर टेप लावून मोजा आणि आधी ते कळवा. टर्बाइनचं नंतर बघू.

काकूंना नमस्कार.

तुमचा,
सुहास