कवरत्तीच्या विहिरीला गोडं पाणी कसं

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, भर समुद्रातल्या बेटावर विहिरीला गोडं पाणी कसं लागतं, हे फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. आपण खारपाणपट्ट्यातली माणसं. बोअर खोल नेली की कसलं पाणी हाती लागतं, हे तुम्हाला सांगायला नको. इथेही खाली खारंच आहे. पण त्या खाऱ्यावर गोड्या पाण्याचा एक थर तरंगतो आणि अख्खं बेट त्याच्या जिवावर जगतं.

लक्षद्वीपची 36 बेटं मिळून जमीन भरते फक्त 32 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या चार-पाच गावांचं शिवार. वस्ती 10 बेटांवर. कवरत्ती त्यातलंच, कोचीपासून सुमारे 400 किलोमीटर. लांबी सहा किलोमीटरच्या आत, रुंदी जास्तीत जास्त दीडेक, आणि उंची समुद्रापेक्षा दोन-चार मीटर. नदी नाही, नाला नाही, टेकडी नाही. काळी माती तर औषधालाही नाही. समुद्रात बुडालेल्या डोंगराच्या माथ्यावर प्रवाळांनी थरावर थर चढवले, त्यांचाच चुरा होऊन ही पांढरी वाळू झाली. आपल्या वावरात पाऊस झाला की चार दिवस पाय टाकता येत नाही. इथे पाऊस थांबला की घटकाभरात अंगण कोरडं. पाणी वाहून जात नाही, सरळ खाली मुरतं.

मुरलेलं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असतं, म्हणून वरच राहतं. हिशेब असा: विहिरीतली पातळी समुद्रापेक्षा एक फूट वर असेल, तर समुद्रसपाटीखाली 40 फुटांपर्यंत गोडं पाणी असायला हवं. प्रत्यक्षात थर त्याहून पुष्कळ पातळ असतो, कारण प्रवाळाच्या भोकाभोकांतून भरती-ओहोटी त्याला खालून सतत ढवळते. बेटाच्या मधोमध तो जाड, किनाऱ्याकडे झिजत गेलेला. विहिरी उथळ, दोरीला फार लांबी लागत नाही. भरतीला पाणी थोडं चढतं, ओहोटीला उतरतं.

आता तुमचा प्रश्न, मोठी मोटर का बसवत नाहीत. वर एक फूट पाणी उपसून पातळी खाली गेली, की खालचं खारं पाणी त्याच चाळीसपटीच्या हिशेबाने वर चढायला लागतं. पाच एचपीचा पंप तास-दोन तास लावला तर विहीर खारी होऊ शकते, आणि एकदा खारी झाली की ती गोडी व्हायला पुढचे पाऊस लागतात. म्हणून थोडं उपसायचं, थांबायचं, आणि एकाच विहिरीवर भार टाकायचा नाही. आपल्याकडे विहीर खोल करतात, इथे तेच करायचं नाही. दुसरा धोका संडासाच्या शोषखड्ड्याचा. ही वाळू काहीच अडवत नाही, खड्डा विहिरीजवळ असला की घाण थेट पाण्यात. माझ्या मते खारेपणापेक्षा हे जास्त वाईट, कारण चवीला कळत नाही. पिण्याचं पाणी आम्ही उकळूनच घेतो.

छतावरचं पाणीही साठवतात. 50 चौरस मीटर छतावर 10 मिलिमीटर पाऊस पडला की 500 लिटर. गळती-उडती जाऊन 400 धरा. मोसमाचे पहिले एक-दोन पाऊस टाकीत घ्यायचे नाहीत, छतावरचा पाला आणि पक्ष्यांची घाण धुऊन जाऊ द्यायची. शिवाय चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने 2005 मध्ये इथे प्रकल्प उभारला, रोज एक लाख लिटर गोडं पाणी देणारा. वरचं कोमट समुद्रपाणी कमी दाबात नेलं की चुलीशिवाय त्याची वाफ होते. सुमारे 350 मीटर खोलीवरून ओढलेल्या गार पाण्याने ती वाफ थंड करून पाणी करतात. किनाऱ्याजवळच तळ एकदम खोल जातो म्हणून हे जमतं.

आई, तुझी उन्हाची काळजी. पारा इथे 33-34 च्या वर क्वचित जातो, रात्री 24-25 च्या खाली फारसा येत नाही. नवतपा नाही, हिवाळाही नाही. पण हवेत इतकी वाफ असते की घाम सुकतच नाही. त्यामुळे आपला वाळ्याचा कूलर इथे कुचकामी. पाणी उडून गारवा यायला कोरडी हवा लागते, ती इथे नाही. पंखा आणि उघडी खिडकीच खरी. पाऊस जूनच्या सुरुवातीलाच येतो, तुमच्याआधी. लाटांना घाबरू नकोस: पश्चिमेला प्रवाळाचा कडा आहे, मोसमातल्या मोठ्या लाटा त्याच्यावर फुटतात आणि आत उथळ, शांत पाणी राहतं. मला काळजी त्या कड्याची वाटते. समुद्र जास्त तापला की प्रवाळ पांढरे पडून मरतात. 1998, 2010 आणि 2016 मध्ये ते मोठ्या प्रमाणात झालं. कडा झिजला तर लाट वस्तीपर्यंत येईल आणि वरूनच विहिरीत खारं पाणी शिरेल.

तुम्ही जानेवारीत या. समुद्र शांत असतो आणि पावसाळ्याचं पाणी विहिरींत टिकून असतं. एप्रिल-मे मध्ये पाण्याची चव बिघडते. परवाना आधी काढावा लागतो, तो मी बघते. आंघोळ एका बादलीत उरकायची, शॉवर नाही. लोखंडी तवा आणू नकोस, खाऱ्या हवेने गंजतो. कुरड्या-पापड आणशील ते घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, पिशवीत आणले तर दोन दिवसांत मऊ पडतील. बाबांच्या गोळ्याही बंद डबीतच ठेव.

तुमची,
वैशू