सगळे एकदम अंगावर येते तेव्हा

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

गौरीजेवणाच्या दिवशी मी मधल्या खोलीचे दार लावून घेतले आणि पाऊण तास बाहेर आले नाही. त्याबद्दल नंतर आपल्यापैकी कोणीच बोलले नाही. निघताना आईने डब्यात पुरणपोळ्या भरून दिल्या, बाबा स्टँडपर्यंत पोचवायला आले, पण दोघांच्याही मनात काहीतरी राहून गेले आहे हे मला दिसत होते. फोनवर सांगू लागले की माझी वाक्ये एकमेकांत अडकतात, म्हणून हे पत्र.

त्या दिवशी मी रागावले नव्हते, की कामाचा कंटाळाही केला नव्हता. मी पुरण ढवळत होते. आई, तू अळू चिरायला सांगितलेस. मावशीने कापसाची वस्त्रे कुठे आहेत ते विचारले. ओट्यावर माझा फोन वाजत होता. कुकरची तिसरी शिट्टी झाली की चौथी, ते मी मोजत होते. आणि तेवढ्यात, बाबा, गुरुजींची दक्षिणा पाकिटात घातली का, असे तुम्ही दारातून विचारलेत. तुझ्या मनात अशी कामे आपोआप ओळीने उभी राहतात, आई. मी लहानपणापासून ते पाहत आले आहे. माझ्याकडे ती ओळ लागत नाही. पाचही गोष्टी सारख्याच मोठ्या आणि सारख्याच तातडीच्या होऊन एकदम अंगावर येतात, नवी आली की आधीची निसटते, आणि काहीतरी निसटले आहे एवढेच लक्षात राहते. मग जीव दडपतो, साधे आवाजही टोचू लागतात. पुरण खाली लागल्याचा वास मला आला होता. वास येत होता, पळी हातात होती, आणि तरी हात हलत नव्हता. बाहेरून पाहणाऱ्याला ही बेफिकिरी वाटणार, हे मी समजू शकते.

माझे निदान झाले ती एडीएचडी, म्हणजे लक्ष आणि आवेग यांचे नियमन मेंदूला नीट न जमणे. ती म्हणजे केवळ लक्ष नसणे, असे आपण सगळेच समजत होतो. डॉक्टरांनी सांगितले ते असे, की हातातले काम संपेपर्यंत चार गोष्टी मनात धरून ठेवणे, त्यांतली आधी कोणती ते ठरवणे, सुरुवात करणे आणि मनात उसळलेल्या भावनेला आवर घालणे, ही सगळी मेंदूच्या पुढच्या भागाची कामे आहेत, आणि माझ्या बाबतीत तिथलेच नियमन कच्चे आहे. म्हणून कामांचा गोंधळ आणि रडू माझ्याकडे जोडीनेच येतात.

बाबा, हे अलीकडचे फॅड तर नाही ना, असे तुम्ही विचारले होते. लंडनच्या डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांविषयी १९०२ मध्येच व्याख्याने दिली होती. मात्र मोठे झाल्यावर हे सुटते, असा समज फार वर्षे टिकला. निदानासाठी जी अमेरिकन नियमावली वापरली जाते, तिच्यात २०१३ मध्ये मोठ्या माणसांसाठीचे निकष स्पष्ट झाले. पण लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असली पाहिजेत, ही अट आहेच. त्यासाठीच मी माझी जुनी प्रगतिपुस्तके मागवली होती. तुम्ही ती ट्रंकेतून काढून, पुसून, दोरीने बांधून पाठवलीत. तिसरीपासून सातवीपर्यंत दरवर्षी शेरा एकच: ‘हुशार आहे, पण लक्ष नसते.’ डॉक्टर ती पाने बराच वेळ वाचत होते. पाच वेगवेगळ्या शिक्षकांनी तेच लिहिले होते, आणि तेव्हा आपण सगळ्यांनी त्याला आळस म्हटले.

आई, निदान कळले त्या रात्री तू विचारलेस, ‘आमचे काही चुकले का?’ नाही, आई. वाढवण्यातल्या चुकीने हे होत नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसते की यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७० ते ८० टक्के आहे. हे लिहिताना, बाबा, तुमच्या सदऱ्याच्या खिशातल्या चिठ्ठ्या डोळ्यांपुढे येतात. एसटीच्या तिकिटाच्या पाठीमागेसुद्धा तुम्ही ‘रॉकेल, फी, दादाला पत्र’ असे लिहून ठेवत होतात, आणि चिठ्ठी हरवली की तुमचा दिवस कोलमडत असे. तुम्हाला कोणतेही नाव चिकटवण्याचा माझा विचार नाही. तुम्ही एकट्याने, कोणी न शिकवता, स्वतःसाठी केवढी व्यवस्था उभी केली होती, हे मला आत्ता कळते आहे, एवढेच सांगायचे आहे.

गोळीची सवय लागेल, ही तुमची काळजी रास्त आहे. माझ्या गोळीतले मिथाइलफेनिडेट १९४४ पासून माहीत असलेले औषध आहे, आपल्याकडे ते कायद्याने नियंत्रित आहे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. माझा रक्तदाब आणि नाडी डॉक्टर नियमित तपासतात. गोळीने मला थोडी उसंत मिळते. त्या उसंतीत काय करायचे ते शिकावे लागते. सगळे अंगावर येऊ लागले की मी डोक्यातले सारे एका कागदावर उतरवते, मग त्यातली एकच ओळ वेगळ्या चिठ्ठीवर लिहून बाकीचा कागद उलटा ठेवते. तेही जमले नाही, तर गार पाण्याने तोंड धुऊन दहा मिनिटे शांत खोलीत बसते. मधल्या खोलीत मी तेच करत होते. पुढच्या वेळी मी ‘दहा मिनिटे’ एवढेच सांगून जाईन. तेव्हा कोणी दार वाजवू नये. आणि काम सांगायचे असेल तर एक सांगून, ते झाल्यावर दुसरे सांगावे.

आणखी एक मागणे आहे. दहावीच्या वर्षी मी अभ्यासाला बसले की, आई, तू शेजारी ताट घेऊन तांदूळ निवडत बसायचीस. काही विचारायची नाहीस, वहीत डोकावायची नाहीस. तू उठलीस की माझा अभ्यास तिथेच थांबायचा. दुसरे माणूस नुसते जवळ असले तरी काम पुढे सरकते, हा अनुभव एडीएचडी असलेले अनेकजण सांगतात, आणि त्याला ‘बॉडी डबलिंग’ असे नाव आहे. रविवारी सकाळी नऊला मी व्हिडिओ कॉल लावीन. फोन डब्याला टेकवून ठेव आणि तुझी मेथी निवडत बैस. मी इकडे विजेचे बिल आणि शाळेचे अर्ज पुरे करीन. बोलायला काही नसले तरी चालेल.

तुमची,
धाकटी